शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनासाठी स्थानिक व प्रादेशिक भूल

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनासाठी स्थानिक व प्रादेशिक भूल म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या भागातून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश बधिरक औषधाच्या साहाय्याने वाटेतच अडवण्याच्या वैद्यकीय पद्धती होत. औषध जखमेच्या कडांत टोचल्यास तिला स्थानिक भूल म्हणतात. त्या भागाला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूंजवळ किंवा मज्जारज्जूच्या आवरणांभोवती दिल्यास तिला प्रादेशिक भूल असे नाव आहे. दोन्ही प्रकारांत रुग्णाची शुद्ध हरपत नाही. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केलेली असली, तरी नंतरच्या वेदनेसाठी तिच्या जोडीला या पद्धती वापरता येतात.

रुग्णाचा अवयव केवळ सुन्न करणे हे या पद्धतींचे अंतिम उद्दिष्ट नव्हे. शस्त्रक्रियेनंतर त्याला खोल श्वास घेता यावा, खोकता यावे, झोप लागावी आणि लवकर उठून चालता यावे, हे खरे उद्दिष्ट आहे. म्हणून वेदना थांबवताना स्नायूंचे बळ, रक्तदाब आणि श्वसन यांवर कमीत कमी परिणाम व्हावा, या दिशेने या शास्त्राची वाटचाल झालेली दिसते.

## आवश्यकता

पोटावर किंवा छातीवर मोठी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दुखते म्हणून उथळ श्वास घेतो आणि खोकणे टाळतो. त्यामुळे फुफ्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णाने वेदनेमुळे गुडघा वाकवला नाही, तर सांधा आखडतो. हालचाल न झाल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. तीव्र वेदनेमुळे हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात. हृदयविकाराच्या रुग्णाला हा ताण घातक ठरू शकतो. काही रुग्णांत जखम भरून आल्यावरही वेदना महिनोन्महिने टिकून राहते. पहिल्या काही दिवसांतील तीव्र वेदना हे या दीर्घकालीन दुखण्याशी निगडित असलेल्या कारणांपैकी एक मानले जाते.

तीव्र वेदनेवर मॉर्फिन व तत्सम अफूवर्गीय औषधे प्रभावी आहेत. परंतु त्यांमुळे मळमळ, गुंगी, खाज, बद्धकोष्ठता आणि आतड्यांची मंदगती उद्भवते. मात्रा अधिक झाल्यास श्वसन मंदावते. प्रादेशिक भुलेमुळे या औषधांची गरज कमी होते, हा तिचा मोठा लाभ आहे. वृद्ध, अतिस्थूल, दम्याचे आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार असलेले रुग्ण यांच्या बाबतीत हा लाभ विशेष महत्त्वाचा ठरतो.

## कार्यतत्त्व

मज्जातंतूतून संदेश पुढे सरकतो, तो तंतूच्या आवरणातील सूक्ष्म मार्गिकांतून सोडियमचे आयन आत शिरल्यामुळे. बधिरक औषध या मार्गिका तात्पुरत्या बंद करते. संदेश तेथेच थांबतो आणि इजा झालेली असूनही मेंदूला तिची जाणीव होत नाही. औषध रक्तात शोषले गेले की मार्गिका पुन्हा खुल्या होतात व संवेदना परत येते.

वेदना वाहून नेणारे तंतू बारीक असतात, तर स्नायूंना आज्ञा नेणारे तंतू जाड असतात. सर्वसाधारणपणे वेदनेची व तापमानाची जाणीव आधी जाते आणि हालचालीची शक्ती नंतर. यामुळेच बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन यांसारखी औषधे सौम्य प्रमाणात दिली असता वेदना बरीच कमी होते आणि हालचाल काही अंशी शाबूत राहते. शस्त्रक्रियेच्या वेळी तीव्र, तर नंतरच्या वेदनेसाठी सौम्य द्रावण वापरण्यामागे हेच तत्त्व आहे.

पू झालेल्या भागात ऊतींची आम्लता वाढलेली असते, त्यामुळे तेथे बधिरक औषधाचा परिणाम कमी होतो. अशा वेळी औषध गळूत न देता दूरवर, मज्जातंतूच्या मार्गात देणे श्रेयस्कर ठरते.

## इतिहास

या शास्त्राचा आरंभ कोकेनपासून झाला. व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी १८८४ साली कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. त्यांचा निबंध सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या सभेत वाचला गेला. प्रवासखर्च न परवडल्यामुळे कोलर स्वतः उपस्थित राहू शकले नाहीत. त्यांच्या वतीने दुसऱ्या डॉक्टरांनी तो वाचला. लवकरच अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी मज्जातंतूंजवळ कोकेन टोचून संपूर्ण अवयव बधिर करण्याचे प्रयोग केले. हे प्रयोग स्वतःवर करताना ते कोकेनच्या व्यसनात अडकले.

जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बिअर यांनी १८९८ साली पाठीच्या कण्यातून, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात कोकेन देऊन शस्त्रक्रिया केल्या. पुढे त्यांनी व त्यांचे सहकारी हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवर हा प्रयोग करून पाहिला. प्रयोगानंतर दोघांनाही तीव्र डोकेदुखी झाली. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपल्याने होणारी ही डोकेदुखी स्पायनल भुलेचा एक दुष्परिणाम म्हणून आजही परिचित आहे.

कोकेनची विषारिता व व्यसनाधीनता टाळण्यासाठी सुरक्षित पर्यायांचा शोध सुरू झाला. आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी तयार केलेले प्रोकेन १९०५ च्या सुमारास वापरात आले. स्वीडनमध्ये निल्स ल्योफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली लिग्नोकेन तयार केले. दीर्घकाळ परिणाम करणारे बुपिव्हॅकेन १९५७ साली तयार झाले. ऑपरेशन संपल्यानंतरही काही तास वेदना रोखून धरणे या औषधामुळे सुकर झाले.

एपिड्यूरल भुलेची कमरेतून देण्याची पद्धत स्पेनचे लष्करी शल्यविशारद फिदेल पाखेस यांनी १९२१ साली प्रसिद्ध केली. क्यूबातील मान्युएल मार्टिनेझ कुर्बेलो यांनी १९४७ साली एपिड्यूरल जागेत बारीक नळी ठेवून औषध पुनःपुन्हा देण्याची पद्धत वापरली. एकदा दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम काही तासांत ओसरत असे. नळीमुळे तो काही दिवस टिकवणे शक्य झाले. शस्त्रक्रियोत्तर वेदनाशमनाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल ठरले.

अमेरिकेतील जॉर्ज क्राइल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक विचार मांडला होता. पूर्ण भुलेखाली रुग्ण बेशुद्ध असला तरी कापण्याचे आघात त्याच्या मज्जासंस्थेपर्यंत पोहोचतच असतात. म्हणून पूर्ण भुलेच्या जोडीला जखमेची जागाही बधिर करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज दोन्ही भुली एकत्र देण्याची प्रथा रूढ आहे.

मज्जातंतू शोधण्यासाठी पूर्वी शरीरावरील खुणा, सुईमुळे उठणाऱ्या झिणझिण्या आणि नंतर सौम्य विद्युत्‌प्रवाह यांचा आधार घेतला जात असे. व्हिएन्नातील डॉक्टरांनी १९९४ साली गळपट्टीच्या हाडावरील मज्जातंतुजाल सोनोग्राफीच्या थेट दर्शनाखाली बधिर केल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या दोन दशकांत सुई, मज्जातंतू व रक्तवाहिनी पडद्यावर पाहत औषध देणे ही प्रस्थापित पद्धत बनली. तिच्यामुळे औषधाची मात्रा कमी लागते आणि ते रक्तवाहिनीत जाण्याचा धोका घटतो.

## प्रमुख पद्धती

### जखमेत औषध टोचणे

शल्यविशारद टाके घालण्यापूर्वी जखमेच्या थरांत बधिरक औषध टोचतात. ही सर्वांत सोपी व स्वस्त पद्धत आहे. तिला वेगळे यंत्र लागत नाही. हर्निया, दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रिया आणि लहान गाठी काढणे यांसाठी ती उपयुक्त आहे. सिडनीतील डेनिस कर व लॉरेन्स कोहान यांनी गुडघा व खुब्याच्या सांधेबदलात सांध्याभोवतीच्या ऊतींत मोठ्या प्रमाणावर सौम्य द्रावण टोचण्याची पद्धत २००८ साली मांडली. तिच्यामुळे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लवकर चालू शकतात.

### मज्जातंतू रोध

एखादा मज्जातंतू किंवा मज्जातंतूंचे जाळे यांभोवती औषध दिले जाते. खांदा, हात, मांडी, गुडघा व पाऊल यांच्या शस्त्रक्रियांत ही पद्धत प्रामुख्याने वापरतात. दीर्घकालीन औषधाचा परिणाम साधारणतः ८ ते १६ तास राहतो. औषधात डेक्सामेथासोन मिसळल्यास किंवा ते शिरेतून दिल्यास हा काळ काही तासांनी वाढतो. अधिक काळ परिणाम हवा असल्यास मज्जातंतूजवळ नळी ठेवून पंपाद्वारे औषध देतात.

### पटल रोध

स्नायूंच्या दोन थरांमधील पातळ पडद्यालगत औषध पसरवले जाते व त्या थरातून जाणारे अनेक लहान मज्जातंतू एकाच वेळी बधिर होतात. पोटाच्या भिंतीतील अशी पद्धत २००१ साली वर्णिली गेली. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंखाली औषध देण्याची पद्धत २०१६ साली कॅनडातील फोरेरो व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. या पद्धती मज्जारज्जूपासून दूर राहतात, म्हणून तुलनेने सुरक्षित मानल्या जातात. मात्र पोटाच्या भिंतीतील रोधाने फक्त भिंतीची वेदना थांबते. आतल्या इंद्रियांची वेदना त्याने थांबत नाही.

### स्पायनल भूल

कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध दिले जाते. त्यासोबत अत्यल्प मॉर्फिन दिल्यास वेदनाशमन १२ ते २४ तास टिकते. सिझेरियन शस्त्रक्रियेत ही पद्धत बरीच वापरली जाते. खाज व मळमळ हे तिचे नेहमीचे त्रास होत. श्वसन काही तासांनंतरही मंदावू शकते, म्हणून अशा रुग्णावर पुढील दिवसभर लक्ष ठेवणे आवश्यक असते.

### एपिड्यूरल भूल

मज्जारज्जूच्या सर्वांत बाहेरच्या आवरणाबाहेरील जागेत नळी ठेवून सौम्य बधिरक व अल्प अफूवर्गीय औषध सतत दिले जाते. पोट किंवा छाती उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांत ही अत्यंत प्रभावी पद्धत आहे. तिच्यामुळे आतड्यांची हालचालही लवकर सुरू होते. रक्तदाब उतरणे, लघवी अडणे, पाय जड होणे आणि नळी सरकून परिणाम अपुरा राहणे या तिच्या मर्यादा आहेत. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रिया वाढल्यापासून तिचा वापर कमी झाला आहे.

### कॉडल भूल

लहान मुलांत माकडहाडाच्या वरच्या नैसर्गिक फटीतून एपिड्यूरल जागेत औषध देतात. जांघेतील हर्निया, अंडकोष खाली आणणे, सुंता यांसारख्या शस्त्रक्रियांनंतर मूल शांतपणे जागे होते. औषधाचे आकारमान मुलाच्या वजनावरून ठरवतात. आर्मिटेज यांच्या १९७९ च्या सूत्रानुसार कमरेखालच्या भागासाठी दर किलोमागे ०.५ मिली, तर त्याच्या वरच्या भागापर्यंत परिणाम हवा असल्यास १ मिली द्रावण देतात.

## शस्त्रक्रियेनुसार निवड

एकच पद्धत सर्वांना लागू पडत नाही. वेदनाशमन आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत यांचा मेळ प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्रपणे घालावा लागतो.

* खांदा: मानेतील मज्जातंतुजालाचा रोध उत्तम वेदनाशमन करतो, परंतु नेहमीच्या मात्रेत दिल्यास त्या बाजूचा श्वासपटलही बहुधा तात्पुरता लुळा पडतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही; फुफ्फुसाचा गंभीर विकार असलेल्याला ते सोसवत नाही.
* गुडघा: जांघेतील फीमोरल मज्जातंतू बधिर केल्यास वेदना थांबते, पण मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होऊन रुग्ण पडण्याची भीती असते. म्हणून मांडीच्या मध्यभागी, जेथे मुख्यतः संवेदना नेणारे तंतू उरतात, तेथे औषध देणे अनेक ठिकाणी पसंत केले जाते.
* खुब्याचे मोडलेले हाड: वृद्ध रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वीच जांघेत रोध दिल्यास हलवताना व क्ष-किरण तपासणीच्या वेळी होणारी वेदना कमी होते.
* बरगड्या व छाती: कण्यालगतचा रोध किंवा एपिड्यूरल भूल यांमुळे खोकणे व श्वासाचे व्यायाम शक्य होतात.
* बोटे: बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना औषध देणे पुरेसे असते.

## मात्रा

प्रत्येक औषधाची सुरक्षित मर्यादा रुग्णाच्या वजनावर अवलंबून असते. बुपिव्हॅकेनसाठी ती सामान्यतः दर किलोमागे २ मिलिग्रॅम धरतात. लिग्नोकेनसाठी ती सुमारे ३ ते ४.५ मिलिग्रॅम, तर ॲड्रिनॅलिन मिसळलेल्या लिग्नोकेनसाठी ७ मिलिग्रॅम मानली जाते. ॲड्रिनॅलिनमुळे स्थानिक रक्तवाहिन्या आकसतात व औषध सावकाश शोषले जाते.

द्रावणाची टक्केवारी मिलिग्रॅममध्ये बदलण्याचे गणित सोपे आहे: १ टक्का द्रावणाच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध असते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला बुपिव्हॅकेनची मर्यादा १२० मिलिग्रॅम येते. ०.५ टक्के द्रावणात ती २४ मिलीत संपते, तर ०.२५ टक्के द्रावणाचे ४८ मिली देता येतात. शल्यविशारदांनी जखमेत टोचलेले व भूलतज्ज्ञांनी रोधासाठी दिलेले औषध एकत्र मोजावे लागते. दोघांनी आपापले औषध वेगवेगळे धरल्यास एकूण मात्रा नकळत ओलांडली जाऊ शकते.

## धोके व दक्षता

औषधाची विषबाधा: औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्यास किंवा मात्रा अधिक झाल्यास जीभ बधिर होणे, तोंडात धातूसारखी चव येणे, कानांत आवाज, स्नायूंचे झटके, आकडी आणि शेवटी हृदयक्रिया बंद पडणे अशी लक्षणे उद्भवतात. अमेरिकेतील गाय वाइनबर्ग यांनी १९९८ साली उंदरांवरील प्रयोगात स्निग्ध पदार्थाचे द्रावण शिरेतून दिल्यास बुपिव्हॅकेनच्या विषबाधेला आळा बसतो असे दाखवले. माणसावर या उपचाराचा यशस्वी वापर २००६ साली प्रसिद्ध झाला. आता रोध दिले जातात तेथे २० टक्के स्निग्ध द्रावण हाताशी ठेवण्याची शिफारस केली जाते.

रक्तस्राव: मणक्यांच्या पोकळीत रक्त साचून मज्जारज्जूवर दाब आल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर हा धोका वाढतो. गुठळ्या टाळण्यासाठी दिलेल्या कमी मात्रेतील हेपॅरिनसदृश इंजेक्शननंतर सुमारे १२ तास थांबूनच एपिड्यूरल नळी घालण्याचा व काढण्याचा दंडक आहे. पाठीत नवे दुखणे, पायांतील वाढता लुळेपणा किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे ही लक्षणे तातडीची समजली जातात.

मज्जातंतूची इजा: बधिरता वा झिणझिण्या काही दिवस टिकू शकतात, बहुतेक रुग्णांत त्या आपोआप जातात. स्पायनल व एपिड्यूरल प्रकारच्या भुलींमुळे होणाऱ्या कायमच्या इजेचे प्रमाण ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १ लाख रुग्णांमागे २ ते ४.२ इतके आढळले.

झाकली गेलेली लक्षणे: हाडे मोडल्यावर पायाच्या स्नायूंत सूज येऊन रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. वाढती वेदना हे तिचे पहिले लक्षण होय. संपूर्ण बधिर पायात हा इशारा उशिरा कळू शकतो. बधिर अवयवाला चटका बसणे किंवा तो दबून राहणे यांचीही जाणीव होत नाही, म्हणून त्याचे रक्षण इतरांनी करावे लागते.

चुकीची बाजू: डाव्याऐवजी उजवा अवयव बधिर केल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. सुई टोचण्यापूर्वी क्षणभर थांबून रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया व खूण पुन्हा पडताळणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

## भूल उतरताना

रोधाचा परिणाम ओसरताना वेदना अचानक व तीव्रपणे उसळू शकते. त्याच दिवशी घरी सोडलेल्या रुग्णांत हे बहुधा मध्यरात्री किंवा पहाटे घडते. त्या वेळी मदत जवळ नसते. दुपारभर काहीच दुखले नाही म्हणून रुग्णाने गोळ्या घेतलेल्या नसतात आणि वेदना उसळल्यावर घेतलेली गोळी लागू पडायला वेळ लागतो. म्हणून अवयव सुन्न असतानाच पॅरासिटामॉल व योग्य त्या रुग्णांत दाहशामक गोळ्या ठरलेल्या वेळी सुरू करण्यास सांगितले जाते. भूल किती तासांनी उतरेल, तोपर्यंत अवयवाची काळजी कशी घ्यावी आणि कोणत्या लक्षणांसाठी त्वरित संपर्क साधावा, हे रुग्णाला व त्याच्या घरच्यांना आधीच सांगणे हा उपचाराचाच भाग समजला जातो.

## संयुक्त वेदनाशमन

वेदनेच्या मार्गावर वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी औषधे एकत्र वापरल्यास प्रत्येकाची मात्रा कमी लागते, हे तत्त्व डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात पुढे आणले. लवकर खाणे-पिणे व लवकर चालणे यांच्या जोडीने ते शस्त्रक्रियेनंतरच्या त्वरित पुनर्वसनाच्या कार्यक्रमांचा पाया ठरले. स्थानिक व प्रादेशिक भूल हा या योजनेचा एक घटक आहे.

तिचे लाभ मोजून-मापून सांगावे लागतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या नेतृत्वाखालील व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर एपिड्यूरल भुलेमुळे वेदना व श्वसनाच्या तक्रारी कमी झाल्या, पण मृत्यूचे प्रमाण घटले नाही. छाती उघडून केलेल्या, स्तनाच्या व सिझेरियन शस्त्रक्रियांत प्रादेशिक भुलेमुळे दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदनेचे प्रमाण कमी होते, असे एकत्रित आढाव्यांत दिसून आले आहे.

## भारतातील संदर्भ

भारतात मॉर्फिनसारख्या औषधांवर १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे नियंत्रण आहे. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय उपयोगासाठीच्या परवान्याची पद्धत सुलभ केली. लिग्नोकेन व बुपिव्हॅकेन या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. मॉर्फिन सहज न मिळणाऱ्या लहान रुग्णालयांत जखमेत औषध टोचणे व साधे रोध यांना म्हणूनच विशेष महत्त्व आहे.

बधिरक औषधाच्या वेदनाशमनापलीकडील परिणामाचा एक अभ्यास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली झाला. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्याआधी गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचलेल्या स्त्रियांची, ते न टोचलेल्या स्त्रियांशी तुलना करण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ व ८६.४ टक्के होते. याउलट, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत प्रादेशिक भुलेमुळे स्तनाचा कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी झाले नव्हते. दोन चाचण्यांत औषध देण्याची जागा व पद्धत वेगळी असल्याने त्यांचे निष्कर्ष परस्परांना सरळ लागू करता येत नाहीत.